व्याकरण आधी की भाषा? : अमूर्त बीजगणिताचे दोन ग्रंथ आणि भूमिती

अमूर्त बीजगणित विद्यापीठांत आज ज्या क्रमाने शिकविले जाते, तो क्रम बव्हंशी एका ग्रंथाने घालून दिलेला आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बी. एल. व्हान डर वेर्डेन यांचा ‘मॉडर्ने अल्गेब्रा’ हा जर्मन ग्रंथ दोन भागांत, १९३० व १९३१ साली, प्रसिद्ध झाला. संच आणि संख्या, मग गट, मग वलये व क्षेत्रे, मग बहुपदी, मग क्षेत्रांचे विस्तार, मग गाल्वाची उपपत्ती : हा त्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचा क्रम पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या कोणत्याही छापील पत्रिकेशी ताडून पाहावा. नंतरच्या आवृत्त्यांत ग्रंथनामातील ‘आधुनिक’ हे विशेषण गळाले. कारण ते बीजगणित आता आधुनिक राहिले नव्हते, तेच बीजगणित झाले होते. याच्या शेजारी मला दुसरा एक ग्रंथ ठेवावयाचा आहे. एमिल आर्टिन यांचे ‘जॉमेट्रिक अल्जिब्रा’ १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या ग्रंथाने अभ्यासक्रम घडविला. दुसरा ग्रंथालयाच्या फडताळात मानाने राहिला. या दोन प्रकारच्या यशांतील अंतर बीजगणिताच्या शिक्षणासंबंधी काही सांगून जाते, असे माझे मत असून तेच येथे मांडावयाचे आहे.

मी गणिताचा अध्यापक नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. माझा विषय भाषाविज्ञान. परंतु चॉम्स्की व श्युट्झेनबर्जे यांच्या १९६३ च्या निबंधापासून औपचारिक भाषांचा विचार बीजगणिताच्या परिभाषेत होऊ लागला, आणि त्या परिभाषेवाचून आमच्या विषयाचा एक कोपरा अंधारातच राहतो. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी गणित विभागातील व्याख्यानांना श्रोता म्हणून बसलो. तेथील एक प्रसंग या लेखाचे निमित्त आहे. एका बुद्धिमान विद्यार्थिनीने ‘आयडियल’ या संज्ञेची व्याख्या एक अक्षरही न चुकता सांगितली. पूर्णांकांच्या पटींखेरीज दुसरे एखादे उदाहरण द्या, असे अध्यापकांनी म्हणताच वर्ग शांत झाला. त्या शांततेत मीही सामील होतो. व्याख्या मलाही पाठ होती.

व्याकरणाच्या अभ्यासकाला ही शांतता ओळखीची वाटते. पाणिनीची अष्टाध्यायीही संज्ञेच्या व्याख्येनेच सुरू होते, आणि तिच्याइतका संक्षिप्त, तिच्याइतका निर्विकार ग्रंथ कोणत्याही बीजगणितकाराने लिहिलेला नाही. परंतु अष्टाध्यायी ज्याच्यासाठी रचली गेली तो अध्येता संस्कृत बोलत होता. कुंभाराकडे घट मागावयास जावे तसे वैयाकरणाच्या घरी कोणी शब्द मागावयास जात नाही, अशा आशयाचे पतंजलीचे म्हणणे प्रसिद्धच आहे. शब्द लोकांत आधीच असतात. व्याकरण त्यांची व्यवस्था सांगते. भाषा येत नसलेल्या माणसाच्या हाती अष्टाध्यायी दिली तर तो सूत्रे पाठ करील, रूपसिद्धीही करून दाखवील, पण त्याला पाणी मागता येणार नाही. ‘मॉडर्ने अल्गेब्रा’ हे एक उत्तम व्याकरण आहे, आणि ते आज ज्यांच्या हाती दिले जाते त्यांना ती भाषा येत नाही, हा माझा मुख्य आक्षेप. आक्षेप ग्रंथावर कमी आणि त्याच्या उपयोगावर अधिक आहे, हे ओघाने स्पष्ट होईल.

कारण ग्रंथकर्त्याला ती भाषा उत्तम येत होती. १९७५ साली व्हान डर वेर्डेन यांनी आपल्या ग्रंथाच्या उगमाविषयी एक लेख लिहिला. त्यावरून दिसते की, १९२४ साली अॅम्स्टरडॅमहून ग्यॉटिंगेनला गेलेल्या या एकवीस वर्षांच्या तरुणाच्या डोक्यात बैजिक भूमितीचे प्रश्न होते : वक्राची किंवा पृष्ठाची मिती म्हणजे नेमके काय, दोन वक्र एका बिंदूत किती ‘वेळा’ छेदतात असे म्हणावयाचे, इत्यादी. इटालियन भूमितिकार असे प्रश्न अंतर्दृष्टीच्या बळावर सोडवीत. तरुणाला ते बळ अपुरे वाटत होते. एमी नोएथर यांच्याकडे त्याला हवी ती हत्यारे तयार सापडली. पुढे हँबुर्गला आर्टिन यांची व्याख्याने त्याने ऐकली, आणि या दोघांच्या व्याख्यानांचा उपयोग केल्याचे ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. म्हणजे प्रश्न भूमितीचे आणि उत्तरे बीजगणिताची, असा लेखकाचा प्रवास झाला. ग्रंथात मात्र उत्तरेच आली. पहिल्या भागात भूमिती उदाहरणापुरती, आणि कंपास-पट्टीच्या रचनांच्या निमित्ताने, डोकावते. बहुपदींच्या आयडियलांचे, म्हणजे ज्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्याचे, प्रकरण दुसऱ्या भागात येते. अभ्यासक्रम तेथवर क्वचितच पोहोचतो.

असे का झाले याचे समर्थनही करता येते, आणि ते मी मनापासून करतो. ज्या वाचकासाठी १९३० साली हा ग्रंथ लिहिला गेला तो वाचक जुन्या बीजगणितात आणि जुन्या भूमितीत मुरलेला होता. त्याला उदाहरणांची ददात नव्हती. उलट उदाहरणांच्या गर्दीत तो गुदमरत होता. शंभर ठिकाणी शंभर प्रकारे केलेला युक्तिवाद मुळात एकच आहे, हे त्याला चार व्याख्यांत दाखवून देणे ही मुक्ती होती. पाणिनीच्या अध्येत्यासारखाच तोही भाषा बोलत आलेला होता. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी ग्रंथ उचलला, परंतु ग्रंथाचा वाचक उचलावयाचे त्यांच्या लक्षात आले नाही.

आर्टिन यांचा ग्रंथ नेमक्या उलट्या दिशेने जातो. न्यूयॉर्क विद्यापीठात १९५५ साली दिलेल्या व्याख्यानांतून तो वाढला, आणि प्रस्तावनेप्रमाणे तो पदव्युत्तर वर्गाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. वैश्लेषिक भूमितीत आपण संख्या गृहीत धरतो आणि संख्यांच्या जोडीला बिंदू म्हणतो. आर्टिन विचारतात : बिंदू आणि रेषाच गृहीत धरल्या तर त्यांतून संख्या काढता येतील काय? दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते. बाहेरील बिंदूतून दिलेल्या रेषेला एकच समांतर रेषा निघते. एका रेषेत नसलेले तीन बिंदू आहेत. एवढ्या सामग्रीवर, आणि प्रतल पुरेसे ‘हलविता’ येते या अर्थाच्या आणखी दोन गृहीतकांवर, ग्रंथाचे दुसरे प्रकरण उभे आहे. त्यात लांबी नाही, कोन नाही, संख्या तर नाहीच.

संख्या कोठून येते ते पाहण्याजोगे आहे. संपूर्ण प्रतल एका दिशेने सरकविणारी क्रिया म्हणजे स्थानांतरण. एका स्थानांतरणाचे त्याच दिशेच्या दुसऱ्या स्थानांतरणात रूपांतर करणारी आणि स्थानांतरणांची बेरीज सांभाळणारी जी क्रिया, तिलाच आर्टिन संख्या म्हणतात. दोन ही वस्तू नव्हे. दोन म्हणजे ‘दुप्पट सरक’. दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे एका क्रियेमागून दुसरी क्रिया करणे. संख्या येथे नाम नसून आख्यात आहे. सर्व नामे आख्यातांपासून निघाली असे मानणाऱ्या शाकटायनाला हे प्रकरण आवडले असते.

परंतु दोन क्रिया उलट क्रमाने केल्या तर फळ तेच येईल, याची हमी काय? आधी अंगरखा आणि मग उपरणे घेणे निराळे, आधी उपरणे आणि मग अंगरखा घालणे निराळे. शाळेत सात पाचे आणि पाच साते सारखेच, हे आपण इतक्या लहान वयात शिकतो की त्याला कारण असू शकते हेच आपल्या ध्यानात येत नाही. कारण आहे, आणि ते भूमितीत आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपसने नोंदविलेला एक सिद्धांत, ज्याला गुणाकाराशी काही कर्तव्य आहे असे पाहताक्षणी कोणालाही वाटणार नाही, तो गुणाकाराच्या क्रमनिरपेक्षतेचेच दुसरे नाव आहे.

वाचकाने कागद घ्यावा. म या बिंदूत छेदणाऱ्या दोन रेषा काढाव्या. म सोडून पहिलीवर क, ख, ग आणि दुसरीवर प, फ, ब असे बिंदू घ्यावे. ते असे की, कफ ही रेषा खप या रेषेला समांतर असावी आणि खब ही गफ ला समांतर असावी. पॅपसचा सिद्धांत (त्याच्या समांतर रेषांच्या रूपात) म्हणतो की, मग कब आणि गप याही समांतर असल्याच पाहिजेत. आता म स्थिर ठेवून सर्व प्रतल सारख्या प्रमाणात ताणणारी क्रिया मनात आणावी. तिला विस्तारण म्हणू. अशा क्रियेत रेषेचे रूपांतर तिला समांतर अशा रेषेतच होते. जे विस्तारण क ला ख वर नेते ते कफ या रेषेला खप वर नेईल, म्हणून फ ला प वर नेईल. जे दुसरे विस्तारण ख ला ग वर नेते ते त्याच न्यायाने ब ला फ वर नेईल. पहिले आधी व दुसरे नंतर केले तर क जातो ख वर आणि तेथून ग वर. दुसरे आधी व पहिले नंतर केले तर ब जातो फ वर आणि तेथून प वर. क्रम बदलून फळ तेच येत असेल, तर एकच क्रिया क ला ग वर आणि ब ला प वर नेते. अर्थात कब आणि गप समांतर झाल्या. उलट दिशेनेही युक्तिवाद तसाच चालतो. अबक = बअक अशा चिन्हांच्या रांगा ज्याने वर्षभर लिहिल्या आहेत त्याला ही आकृती एकदा दाखवावी. मला ती दिसली तेव्हा क्रमनिरपेक्षता हा शब्द मी प्रथमच ऐकत आहे असे वाटले.

हा शोध आर्टिन यांचा नव्हे. हिल्बर्ट यांनी १८९९ सालच्या ‘भूमितीचा पाया’ या ग्रंथात रेषाखंडांचे अंकगणित उभारून हा संबंध दाखविला होता. आर्टिन यांनी त्यातील खटपट काढून टाकून क्रियांचा गट पुढे आणला. हिल्बर्ट यांच्याच परंपरेत हेही कळते की, देझार्गचा सिद्धांत खरा असूनही पॅपसचा खोटा असेल अशी प्रतले आहेत. हॅमिल्टन यांना १८४३ साली सापडलेल्या चतुष्कांत गुणाकाराचा क्रम महत्त्वाचा असतो. चतुष्कांवर उभारलेल्या प्रतलात वरील आकृती शेवटच्या रेषेशी फसते. म्हणजे ‘क्रमनिरपेक्ष’ हे विशेषण व्याख्येत घालावे की गाळावे, हा सूत्रकाराच्या आवडीचा प्रश्न उरत नाही. तुम्ही कोणत्या प्रतलात राहता, असा तो प्रश्न आहे.

येथे परिभाषेविषयी थोडे लिहितो, कारण विषय माझ्या अंगणातला आहे. सुईला इंग्रजीत डोळा असतो आणि मराठीत नाक असते, छिद्र तेच. ज्या संख्याव्यवस्थेत बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि (शून्य सोडून) भागाकार करता येतो तिला डेडेकिंट यांनी १८७१ साली ‘क्योर्पर’, म्हणजे शरीर वा पिंड, असे नाव दिले. पुढे त्याचे समर्थन करताना त्यांनी निसर्गविज्ञान, भूमिती आणि मानवी समाज यांतील त्या शब्दाच्या वापराचा दाखला दिला : आतून पूर्ण आणि बंदिस्त अशी वस्तू. फ्रेंचांनी ते शरीर तसेच ठेवले. इंग्रजीत मूर यांनी १८९३ साली ‘फील्ड’ म्हटले, आणि शरीराचे शेत झाले. आम्ही इंग्रजीवरून ‘क्षेत्र’ केले. परंतु आमच्या गणितात क्षेत्र हा शब्द रिकामा नव्हता. लीलावतीत क्षेत्रव्यवहार म्हणजे आकृतींचे गणित. क्षेत्रफळ या शब्दात तो अर्थ आजही नांदतो. बीजगणितातील क्षेत्र आणि भूमितीतील क्षेत्र हे दोन अर्थ एका शब्दात अपघाताने एकत्र आले. पण पॅपसची आकृती पाहिल्यानंतर हा अपघात मला शुभ वाटतो. याच संदर्भात, भास्कराचार्यांनी बीजगणितात उपपत्ती दोन प्रकारची सांगितली आहे, एक क्षेत्रगत आणि दुसरी राशिगत, याचीही आठवण होते. त्यावरून भास्कराचार्यांना आधुनिक बीजगणित ठाऊक होते असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. असले निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे हौस आहे.

‘आयडियल’ या शब्दाचे नशीब इतके चांगले नाही. त्याला ‘आदर्श’ म्हणणे सरळ चूक आहे. कुमर यांनी १८४० नंतरच्या दशकात ‘आयडियल संख्या’ कल्पिल्या त्या अनुकरणीय म्हणून नव्हेत, तर प्रत्यक्षात नसूनही असल्यासारख्या वागतात म्हणून. तो शब्द ‘वास्तव’ याच्या विरोधातला आहे. ‘काल्पनिक’ त्याच्या अधिक जवळ जाईल, पण ते नाव दुसऱ्याच संख्यांनी आधी घेतले आहे. डेडेकिंट यांनी त्या अदृश्य संख्येऐवजी तिच्या सर्व पटींचा संच हाती घेतला. हिंदी परिभाषाकारांचा ‘गुणजावली’ हा शब्द, कानाला कितीही खडबडीत लागो, डेडेकिंट यांच्या हेतूशी इमानी आहे : जी संख्या स्वतः हजर नाही, पण जिच्या पटी हजर आहेत, तिच्या पटींची ओळ. पुढे मी तोच वापरतो.

त्या दिवशी वर्गात द्यावयाचे उत्तर आता देता येते. क्ष आणि य या दोन चलांतील सर्व बहुपदी घ्याव्या आणि आरंभबिंदूत ज्यांचे मूल्य शून्य होते तेवढ्या निवडाव्या. अशा दोन बहुपदींची बेरीज तेथे शून्यच होते. अशा बहुपदीला कोणत्याही बहुपदीने गुणले तरी ती तेथे शून्यच राहते. ही गुणजावली झाली. ती कोणत्याही एका बहुपदीच्या पटींची ओळ नाही. क्ष आणि य दोघेही लागतात, कारण एका समीकरणाने वक्र मिळतो, बिंदूला दोन लागतात. व्याख्येतील दोन अटी, ज्या पाठ करताना मनमानी वाटतात, त्या ‘अमुक जागी शून्य होणे’ या साध्या गोष्टीची दोन लक्षणे आहेत. बिंदूला गुणजावली, वक्राला गुणजावली; आकृती लहान तर गुणजावली मोठी. असा एक द्विभाषी कोश तयार होतो.

द्विभाषी कोश म्हटला की भाषांतराचे सर्व रोग आले, आणि या विषयातील सर्वांत सुंदर भाग मला हे रोगच वाटतात. ‘क्ष’ आणि ‘क्ष चा वर्ग’ या दोन बहुपदी निरनिराळ्या. त्यांच्या गुणजावल्या निरनिराळ्या. पण दोन्ही शून्य होतात त्या एकाच जागी. बीजगणिताच्या दोन शब्दांना भूमितीत एकच प्रतिशब्द मिळाला. असे किती वेळा होते? हिल्बर्ट यांचा १८९३ चा शून्यस्थान-सिद्धांत याचे उत्तर देतो : संख्या संमिश्र घेतल्या तर एवढाच एक घोटाळा होतो, घातांचा, त्यापलीकडे कोश बिनचूक आहे. कोशकाराच्या स्वप्नातही न येणारी ही हमी आहे. ज्या भाषाद्वयाविषयी ‘भाषांतरात नेमके एवढेच हरवते’ असे सिद्ध करून दाखविता येईल असे दुसरे भाषाद्वय मला माहीत नाही.

आणि जे हरवते ते फुकटचे नसते. य = क्ष² हा अन्वस्त आणि य = ० ही त्याची स्पर्शिका यांचा छेद घेतला तर समीकरण उरते ‘क्ष चा वर्ग शून्य’. भूमिती म्हणते, एक बिंदू. बीजगणित म्हणते, एक बिंदू खरा, पण दोनदा. येथे रेषा वक्राला नुसती छेदून गेली नाही, ती त्याला चिकटली होती, हे बीजगणिताच्या स्मरणात राहिले आणि चित्राने विसरून टाकले. तरुण व्हान डर वेर्डेन यांना सतावणारा छेदांच्या ‘वेळां’चा प्रश्न याच जातीचा. १९६० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ग्रोथेंडीक यांच्या महाग्रंथात भूमितीचाच शब्दसंग्रह असा वाढविण्यात आला की हा दुहेरी बिंदूही तेथे एक स्वतंत्र वस्तू ठरावा. लक्ष्यभाषेत शब्द नव्हता म्हणून लक्ष्यभाषाच बदलली. हा भाग आर्टिन यांच्या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

मग आर्टिन यांचा ग्रंथ अभ्यासक्रम का झाला नाही? दोष त्यातही आहेत. पहिले प्रकरण म्हणजे सदिश अवकाश, द्वैत, समाकारिता, गट यांची ठासून भरलेली शिदोरी. ज्याला ती आधीच पचलेली आहे त्यालाच तिचा उपयोग. भूमितीतून संख्या काढून दाखविणारा ग्रंथ बीजगणिताच्या साठ्याने सुरू व्हावा, हा विरोधाभास ग्रंथकर्त्याला जाणवला नसेल असे नाही. तो दूर करण्याची त्याने तसदी घेतली नाही. आव्यूह टाकून दिले तर सिद्धता निम्म्याने आखूड होतात, असा आर्टिन यांचा अभिप्राय होता. ते खरे असेल. पण ज्याने आव्यूह कधी हाताळलेच नाहीत त्याला ते टाकून दिल्याचे सुख कसे कळावे? (त्यांचे चिरंजीव मायकेल आर्टिन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेले बीजगणिताचे पाठ्यपुस्तक आव्यूहांनीच सुरू होते, आणि आकृतींच्या सममितीला त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. वडिलांशी वाद घालण्याचे इतके सभ्य उदाहरण विरळा.)

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. तिसऱ्या प्रकरणापासून ‘लंब’, ‘परावर्तन’, ‘समतुल्य आकृती’ हे शब्द अशा अवकाशांत वापरले जातात जेथे चित्र काढणेच अशक्य. तेथील सिंप्लेक्टिक अवकाशात प्रत्येक सदिश स्वतःलाच लंब असतो. ही भूमिती की नुसता भूमितीचा शब्दसंग्रह? टेबलाच्या पायाला गुडघा नसतो, म्हणून तो पाय नव्हे काय? माझे उत्तर असे : लाक्षणिक प्रयोग जिवंत आहे की मेलेला, याची कसोटी तो पुढे काही नवे बोलावयास लावतो की नाही ही होय. सांत क्षेत्रावरील अवकाशातही, त्या क्षेत्राचे लक्षण दोन नसेल तर, लंबता जपणारे प्रत्येक रूपांतरण, अवकाशाची मिती जितकी, फार तर तितक्या परावर्तनांचे बनलेले असते. ही गोष्ट आरशाची कल्पना सोबत नसती तर सुचली असती, असे मला वाटत नाही. शब्द काम करतो. म्हणून तो भूमितीचाच राहिला. पाचव्या प्रकरणात मात्र, गटांची रचना शोधण्याच्या ओघात, हे शब्द केवळ खुणा बनून जातात, आणि तेथे वाचकाची दमछाक होते ती काही त्याच्या मंदबुद्धीमुळे नव्हे.

चित्रावर विसंबून राहण्याचा धोकाही आर्टिन यांच्या बाजूने बोलणाऱ्याने लपवू नये. चार बिंदू आणि सहा रेषा, प्रत्येक रेषेवर दोनच बिंदू : या प्रतलात वर सांगितलेली साधी गृहीतके सर्व खरी आहेत. चार बिंदूंचा चौरस काढून कर्ण काढले तर कागदावर ते मधोमध छेदतात. परंतु तेथे बिंदूच नाही. या प्रतलात समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना समांतर असतात! डोळा येथे खोटे सांगतो आणि व्याकरण खरे. ज्या विद्यार्थ्याला केवळ आकृत्यांवर वाढविले त्याला या चार बिंदूंनीच ठेच लागेल. तेव्हा व्याख्यांची शिस्त नको, असे माझे म्हणणे कोणी समजू नये. ती कोणत्या क्षणी द्यावी एवढाच वाद आहे.

अध्यापकांनी आर्टिन यांचा ग्रंथ नेमावा असेही मी सुचवीत नाही. दुसरे प्रकरण तेवढे, पहिल्यातील लागेल तेवढीच शिदोरी सोडीत, व्हान डर वेर्डेन यांच्या वलये-क्षेत्रांच्या प्रकरणाआधी वाचून घ्यावे. त्यास दोन-तीन आठवडे पुरतील. त्या अवधीत विद्यार्थ्याकडून एक काम करवून घ्यावे. सोळा बिंदूंचे प्रतल त्याने स्वतः रचावे : रेषा वीस, प्रत्येकीवर चार बिंदू, एकमेकींना समांतर अशा चार-चार रेषांचे पाच वर्ग. त्यात म पासून निघणाऱ्या कोणत्याही रेषेवर नेमके तीन बिंदू उरतात, म्हणजे क, ख, ग मांडावयास जागा पुरते. पॅपसची आकृती त्याने तेथे बोटाने तपासावी. एका संध्याकाळचे काम आहे. ती दर वेळी बंद होते. मग बिंदू वाढवीत न्यावे आणि विचारावे की, सांत प्रतलात देझार्ग खरा ठरला की पॅपस खोटा ठरलेला कधीच का सापडत नाही. देझार्गच फसतो अशी सांत प्रतले आहेत. व्हेब्लेन आणि वेडरबर्न यांनी ती १९०७ साली दाखविली. परंतु देझार्ग सांभाळून पॅपस मोडणारे एकही नाही. विद्यार्थी आकृत्या काढील, रेषा पुसून पुन्हा काढील, आणि शेवटी, सांत असूनही क्रमसापेक्ष असा गुणाकार भागाकारासह नांदू शकत नाही, या वेडरबर्न यांच्या १९०५ च्या सिद्धांताकडे स्वतःच्या पायांनी चालत येईल. तो सिद्धांत निव्वळ बीजगणिताचा आहे, आणि त्याची प्रचलित सिद्धता समजण्यास गट, क्षेत्र, सदिश अवकाश या तिन्हींच्या व्याख्या लागतात. त्या मग फळ्यावर लिहाव्या.